ज्याला थांबणं झेपत नाही, त्याला आधी

सुनंदाताई खंडारे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने माझ्याकडे 'ताईंची एखादी प्रसन्न आठवण' मागितली, तेव्हाच मी त्यांना सांगून ठेवलं की माझ्याकडच्या प्रसन्न आठवणींत भांडणंच जास्त आहेत, चालत असेल तर लिहितो. चालेल म्हणाले, म्हणून लिहितो आहे. आपल्या संस्थेची रुग्णालयं अमरावती, अकोला, बाळापूर, नांदगाव खंडेश्वर आणि परतवाडा इथे आहेत आणि त्यांना एकमेकांशी जोडणारं संगणकाचं जाळं ताईंनी उभं केलं, एवढं एकसष्टीच्या निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे. ते खरंच आहे. पण तारा आणि यंत्रं पैसे मोजले की कोणीही आणून बसवतो. त्या तारांवरून जाणाऱ्या गर्दीची रांग कशी लावायची, कोणाला पुढे काढायचं आणि कोणाला 'जरा थांबा' म्हणायचं, हे काम ताईंचं. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी भाषण करत नाही. मी करणार आहे.

मी तेव्हा अकोल्यात, इंटरनेटची लाईन पुरवणाऱ्या एका कंपनीत होतो. आपल्या अकोला रुग्णालयाची रोजची तक्रार यायची की लाईन चालत नाही, रिपोर्ट उघडत नाहीत, फोनवर आवाज तुटतो. माझ्याकडे साऱ्या वऱ्हाडासाठी एकच उत्तर तयार असायचं, मोठी लाईन घ्या. त्या दिवशी हे उत्तर ऐकायला अमरावतीहून एक बाई एसटीने आल्या. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात डबा, आणि चेहऱ्यावर माझं सगळं बोलून होईपर्यंत थांबायची तयारी. मी पुष्कळ बोललो. माझं झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "ढोरे भाऊ, रांग पाहिली का?"

कसली रांग, म्हणून मी भडकलो. मले शिकवू नका, असंही बोलून गेलो असेन, माझा स्वभाव आपणा सर्वांना ठाऊकच आहे. ताईंनी मला एका खोक्यावर बसवलं आणि लॅपटॉपवर आमच्याच राउटरची अवस्था दाखवली. दिवसातला बराच वेळ लाईन अर्धी रिकामी होती. सकाळी ओपीडी सुरू झाली की क्ष-किरण विभाग सगळी चित्रं एकदम पाठवायचा, त्याच वेळी हिशेब विभाग जुन्या फायलींची प्रत अमरावतीला धाडायचा, आणि या सगळ्या ढिगामागे बिचारा फोनवरचा आवाज ताटकळत उभा राहायचा. लाईन मोठी केली असती तर ढीगही मोठा झाला असता, एवढंच. मी तरीही हटलो नाही आणि दुपारपर्यंत वाद घातला. शेवटी ताईंनी डबा उघडला आणि ज्वारीची भाकर अन् आंबाडीची भाजी माझ्यापुढे सरकवली. वर्षभराने मी ती कंपनी सोडून आपल्या संस्थेत आलो. भांडायला इतका चांगला माणूस रोज मिळणार असेल तर पगार थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो, असा माझा हिशेब होता.

हे राउटर प्रकरण ज्यांना परकं वाटतं त्यांच्यासाठी ताई नेहमी जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, उदाहरण द्यायच्या. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागते. फाटक एकच, गाड्या अनेक. फाटकावरच्या माणसाला कोणी काही सांगितलं नाही तर तो आली तशी गाडी आत सोडतो. कापसाला त्याचं काही वाटत नाही, तो संध्याकाळपर्यंतही उभा राहील. पण त्याच रांगेत दुधाचे कॅन घेऊन कोणी अडकला तर त्याचं दूध नासतं. राउटर हा फाटकावरचा माणूस. माणसाचं बोलणं हे दूध, क्ष-किरणाची चित्रं आणि जुन्या फायली हा कापूस. ताईंचं म्हणणं इतकंच होतं की फाटकावरच्या माणसाला दूध ओळखायला शिकवा.

आता हे ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं. ताईंनी सगळ्या विभागप्रमुखांना अमरावतीत एका टेबलाभोवती बसवलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुमचं काम थांबलं तर काय बिघडतं? तुमचं काम महत्त्वाचं आहे का, असं त्यांनी कोणालाच विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर काय येणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. हिशेब विभागाचे प्रमुख पुष्कळ विचार करून म्हणाले की बिघडत तसं काही नाही, पण आम्हाला राग येतो. सगळे हसले, ताईही हसल्या, आणि हिशेबाच्या फायली मागच्या रांगेत गेल्या.

मागच्या रांगेबद्दल त्यांचा आणखी एक आग्रह होता. माझा प्रस्ताव होता की दिवसा त्या फायलींना पूर्ण बंदी घालावी, कटकट मिटेल. ताई म्हणाल्या, शेवटच्याला कमी द्या, पण देत राहा, कोणालाही उपाशी ठेवायचं नाही. म्हणून आमच्या प्रत्येक राउटरवर शेवटच्या रांगेलाही तिचा छोटासा वाटा बांधून दिलेला आहे, आणि सगळ्यात पुढच्या रांगेलाही मर्यादा घातलेली आहे, म्हणजे तिने सगळं फाटक अडवू नये. नांदगाव खंडेश्वरचं रुग्णालय सगळ्यांत लहान, तिथली लाईनही बारीक. तिथल्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट पोचले की नाही हे ताई रोज दुपारी स्वतः फोन करून विचारायच्या. तिथे त्यांना ताई म्हणत नाहीत, आमची मोठी बहीण म्हणतात.

ताईंचे वडील बाळापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की प्रत्येक मुलाने पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायचं, अशी त्यांची शिस्त. धाकटी बहीण वाचताना अडखळायची, म्हणून सगळ्यांनी तिच्यासाठी थांबायचं, मध्ये शब्द सांगायचा नाही, हेही त्या शिस्तीतच होतं. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना वर्गात मुली बोटावर मोजण्याएवढ्या. पुढे नोकरीत तर लाईन दुरुस्त करायला बाई आली म्हणून लोक तिच्यामागे कोणी पुरुष येतोय का हे बघायला दारात जायचे. ताईंनी हे मला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, गंमत म्हणून सांगितलं. मला मात्र ऐकताना चीड आली आणि अजूनही येते.

त्यांच्या मायेचं एक उदाहरण माझ्याच घरचं आहे. माझे वडील अकोल्याच्या रुग्णालयात बरेच दिवस पडून होते. म्हातारा भल्ला चिडका, म्हणजे मी कोणावर गेलो ते कळावं. नर्सला हाकलायचे, मला हाकलायचे. ताईंचं अकोल्यात काम निघालं की त्या त्यांच्या खाटेजवळ बसून पेपरातले कापसाचे आणि तुरीचे भाव वाचून दाखवायच्या. शेती विकून आम्हाला किती वर्षं झाली होती, पण बाबा प्रत्येक भावावर मत द्यायचे. ताई आल्या नाहीत की मलाच विचारायचे, "ते अमरावतीवाली बाई आज नाई आली का रे?" बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना हसताना मी पाहिलं ते ताईंमुळे. हे उपकार मी विसरणार नाही.

आता मी त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी खरं तर लेखणी हातात घेतली. परतवाड्याच्या रुग्णालयात ताईंनी एक खोली सुरू करून दिली होती. पडद्यावर अमरावतीचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तायडे, इकडे रुग्ण, आणि मध्ये निर्मला सिस्टर. निर्मला सिस्टर मूळच्या मेळघाटातल्या, कोरकू त्यांची मायबोली. डोंगरातून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मराठी थोडीच कळते, त्यामुळे डॉक्टरांचा प्रश्न सिस्टर कोरकूत सांगायच्या, रुग्ण उत्तर द्यायचा, सिस्टर ते मराठीत डॉक्टरांना द्यायच्या. छान चाललं होतं. मेळघाटातल्या माणसाला अमरावतीपर्यंत जायची गरज उरली नव्हती.

मग आपल्या लोकांची भीड आडवी आली. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे संबंध तोडणं. एकाने ताईंना फोन केला, ताई, आमच्या विभागाचं तेवढं पुढच्या रांगेत घ्या ना, आपलीच माणसं आहोत. मग दुसऱ्याने केला. ताई खरोखरच आपल्या माणसांना दुखवू शकल्या नाहीत. त्यातच आपले अध्यक्ष दादासाहेब यांच्या दालनात मोठा पडदा बसला आणि सगळ्या शाखांचे कॅमेरे त्यावर थेट दिसू लागले. पाहुणे आले की दादासाहेब अभिमानाने दाखवायचे, हे पाहा परतवाडा, हे पाहा बाळापूर. अध्यक्षांचे कॅमेरे, म्हणजे अर्थातच पुढच्या रांगेत. एवढे सगळे आत आल्यावर त्या रांगेची मर्यादाही वाढवत न्यावी लागली. हळूहळू पुढची रांगच सगळ्यांत लांब झाली. दुधाच्या रांगेत कापसाच्या गाड्या शिरल्या आणि प्रत्येक गाडीवर 'दूध' अशी पाटी.

बुधियाबाई नावाची एक म्हातारी त्या खोलीत नेमाने यायची. हृदयाचं दुखणं, रोजच्या गोळ्या. एकदा डॉ. तायडेंनी विचारलं, पायांवर सूज आहे का? सिस्टरांनी ते कोरकूत विचारलं, म्हातारीने नाही म्हटलं, सिस्टरांनी नाही सांगितलं. पण तो 'नाही' रांगेत अडकला. डॉक्टरांना वाटलं प्रश्नच पोचला नाही, म्हणून त्यांनी पुढचा विचारला, सकाळची गोळी घेतली का? आणि नेमका त्याच वेळी आधीचा 'नाही' तिकडे पोचला. डॉक्टर म्हणाले, मग आत्ता द्या. सिस्टरांना दुसरा प्रश्न अजून ऐकूच आला नव्हता, तो आणि 'आत्ता द्या' एकापाठोपाठ आले. त्यांना ठाऊक होतं की म्हातारीने गोळी घेऊनच घर सोडलं आहे, म्हणून त्यांनी डॉक्टरांना तिथेच अडवलं. तीच गोळी दुसऱ्यांदा पोटात गेली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी नंतर अमरावतीच्या आमच्या मशीन रूममध्ये येऊन आम्हाला सांगितलं. ज्या चित्रांच्या गर्दीत तो 'नाही' अडकला होता, त्यात सर्वांत जास्त चित्रं परतवाड्याच्या रिकाम्या वाहनतळाची होती.

गोष्ट विश्वस्तांपर्यंत गेली आणि बहुतेकांचं मत झालं की ही खोली बंद करावी, रुग्णांना अमरावतीला पाठवावं. तसा ठरावच तयार झाला. निर्मला सिस्टर त्या बैठकीसाठी परतवाड्याहून आल्या होत्या. त्यांनी विश्वस्तांना सरळ सांगितलं की बुधियाबाईसारखी माणसं अमरावतीला जाणारच नाहीत, परतवाड्यालाच ती मोठ्या मुश्किलीने येतात, इथली खोली बंद झाली की ती घरीच बसतील आणि घरीच जातील. मग ताई उठल्या. त्या म्हणाल्या की दोष लाईनचा नाही, रांगेचा आहे, आणि रांग लावणं माझं काम होतं. भिडेपोटी मी सगळ्यांना पुढे घेतलं, ही चूक माझी आहे. पुढच्या बैठकीपर्यंत मला मुदत द्या, तोवर खोली बंद करू नका. एवढ्या लोकांसमोर आपली चूक आपण होऊन सांगणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. दादासाहेबांनी मुदत दिली.

ताईंनी त्यानंतर जे केलं त्याला आपल्या संस्थेत धाडसच म्हणायचं. पुढच्या रांगेतून त्यांनी एकेकाला बाहेर काढलं, स्वतः भेटून, कारण सांगून. कोणत्याही यंत्राने स्वतःला कोणतीही पाटी लावून घेतली तरी राउटरने ती मानायची नाही, आतला माल स्वतः तपासायचा, अशी व्यवस्था केली. अध्यक्षांचे कॅमेरे मागे गेले. पुढच्या रांगेत फक्त रुग्ण आणि डॉक्टरांचं बोलणं उरलं, आणि तिची मर्यादा पुन्हा पहिल्यासारखी झाली. काही माणसं ताईंशी बोलेनाशी झाली. ताईंना त्याचा त्रास झाला, मी पाहिला. पण एकालाही त्यांनी परत आत घेतलं नाही.

नेमका त्याच मुदतीत संस्थेचा वर्धापनदिन आला. अमरावतीच्या सभागृहात दादासाहेबांचं भाषण आणि प्रत्येक शाखेत पडद्यावर ते थेट दाखवायचं, असा बेत होता. परतवाड्यातही खुर्च्या मांडल्या, शहरातली प्रतिष्ठित मंडळी बोलावली. त्याच सकाळी परतवाडा रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने आमची मुख्य केबल तोडली. राखीव लाईन आपोआप चालू झाली, पण ती फारच अरुंद. आणि त्याच वेळी परतवाड्याच्या खोलीत बुधियाबाईला आणलं. श्वास लागलेला, बोलता येईना. डॉ. तायडे सभागृहातून उठून पडद्यासमोर येऊन बसले. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या त्या बारक्या लाईनीवर आता दोन गोष्टी होत्या, दादासाहेबांचं भाषण आणि डॉक्टरांचे प्रश्न.

राउटरने त्याला शिकवलं होतं तेच केलं. प्रश्न पुढे, भाषण मागे, आणि मागच्या रांगेच्या त्या चिमूटभर वाट्यात भाषणाचं चित्र हलेना. परतवाड्याच्या पडद्यावर दादासाहेब हात वर केलेले, तोंड उघडं, अशा अवस्थेत थिजले. आधी लोकांना वाटलं हीच त्यांची लकब आहे, काहींनी टाळ्याही वाजवल्या. मग संस्थेच्या कार्यवाहांचा फोन मशीन रूममध्ये आला. ताईंनी सांगितलं की रुग्णाशी बोलणं चालू आहे, संपलं की देते. ते म्हणाले, थोडा वेळ डॉक्टरांचं बंद करा, मग परत जोडा. ताई नाही म्हणाल्या. फोन पुन्हा आला, आवाज चढलेला होता, पुढच्या बैठकीत काय होईल याची आठवण करून दिली गेली. मी भांडखोर खरा, पण नोकरी मलाही प्यारी होती, आणि त्या खोलीचं भवितव्यही दादासाहेबांच्याच हातात होतं. मी म्हटलं, ताई, द्या ना थोडं, काय बिघडतं. ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "ढोरे भाऊ, तुमी बाहेर जाऊन चहा पिऊन या." मी गेलो नाही. त्यांच्या शेजारीच उभा राहिलो.

तिकडे डॉक्टर विचारत होते, सिस्टर कोरकूत सांगत होत्या, म्हातारी मानेने, बोटाने, अर्ध्या शब्दाने उत्तर देत होती, आणि ते तत्क्षणी इकडे येत होतं. छातीत दुखतं का, आडवं पडवतं का, गोळ्या कधी संपल्या. डोंगरातला रस्ता खराब झाल्याने गोळ्या संपून बरेच दिवस झाले होते आणि फुप्फुसात पाणी भरू लागलं होतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे इंजेक्शन द्यायला लावलं आणि तिची धाप खाली बसेपर्यंत एकेक प्रश्न विचारत राहिले. एकही उत्तर चुकीच्या प्रश्नाला जाऊन लागलं नाही. ती झोपी गेल्यावर डॉक्टर पडद्यासमोरून उठले, आणि मग परतवाड्याच्या सभागृहात दादासाहेबांचा हात खाली आला. जिथे अडकलं होतं तिथूनच भाषण पुढे चालू झालं. परतवाड्याच्या मंडळींनी ते शेवटपर्यंत ऐकलं, फक्त तोवर अमरावतीत पंगत बसून उठलीही होती.

दुसऱ्याच दिवशी बैठक होती आणि खोली बंद करण्याचा ठराव पहिल्याच क्रमांकावर होता. पुढचं मी दादासाहेबांच्या परवानगीने लिहितो. त्यांनीच मला सांगितलं, लिव्हा, काई लपवू नका. दादासाहेबांनी ठरावाला हातही लावला नाही. ताईंकडे पाहून त्यांनी विचारलं, "माह्यं उघडं तोंड परतवाड्याच्या लोकायनं इतका येळ पाह्यलं. माह्यं भाषण काय महत्त्वाचं नव्हतं?"

ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "महत्त्वाचं होतं साहेब, म्हणूनच शब्द न् शब्द पोचवला. पण त्याले थांबणं झेपत होतं. त्या बाईच्या श्वासाले झेपत नव्हतं."

डॉ. तायडेंनी मग आदल्या दिवशी काय घडलं ते सांगितलं. दादासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ठरावाचा कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले की खोली चालू राहील, आणि यापुढे आपण स्वतः फोन केला तरी आपल्याला पुढे घुसवायचं नाही. ताई म्हणाल्या की तुम्ही फोन केला तरी मी घुसवणार नव्हतेच. सगळी बैठक हसली, सगळ्यांत मोठ्याने दादासाहेब हसले. त्यांचा तो मोठेपणाही इथे नोंदवून ठेवतो. मला त्या दिवशी ताईंचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या सख्ख्या माणसांचाही क्वचित वाटला असेल.

या सगळ्याला आता काही काळ लोटला आहे. परतवाड्याच्या त्या खोलीसारख्या खोल्या बाळापूर आणि नांदगाव खंडेश्वरलाही सुरू झाल्या आहेत. ताई पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत. जाण्याआधी सगळ्या शाखांतून एक फेरी मारायची म्हणून परवा आम्ही दोघं परतवाड्याला गेलो होतो.

आम्ही पोचलो तेव्हा निर्मला सिस्टर खोलीबाहेर कोणाशी तरी हुज्जत घालत होत्या. ती बुधियाबाई होती. तपासणी आटोपली होती, तब्येत ठीक होती, तरी ती जायला तयार नव्हती. पदराखाली एक पिशवी धरून ती भिंतीला चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. ताईंनी विचारलं, काय शोधून राहिल्या? सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या की डॉक्टरांसाठी मोहाची फुलं आणली आहेत, सुकवलेली, आणि त्यांच्या खोलीचं दार कुठे आहे ते विचारते आहे. डॉक्टर अमरावतीत बसतात, हे सिस्टरांनी तिला कितीदा तरी सांगितलं होतं. म्हातारी ऐकायला तयार नव्हती. तिचं म्हणणं सिस्टरांनी आम्हाला मराठीत सांगितलं: "मी बोलते न बोलते तोच तो जबाब देते. इतक्या लवकर जबाब देणारा माणूस अमरावतीत कसा असंल? तो या भिंतीच्या मागंच बसते. तुमी दार दाखवून नाई राहिल्या."

इतक्या वर्षांत मी ताईंना लोकांच्या रागापुढे, फोनच्या धमक्यांपुढे ताठ उभं पाहिलं आहे. त्या दिवशी त्या भिंतीपाशीच्या बाकावर खाली बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी म्हातारीकडून ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि डॉक्टरांच्या हातात मीच देईन असा शब्द दिला. परतीच्या सबंध प्रवासात ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सुनंदाताई, आम्हा साऱ्यांच्या वतीने तुमच्याकडे एवढंच मागतो की गुडघे सांभाळा, वेळेवर जेवा, माझ्याशी भांडत राहा आणि ठणठणीत प्रकृतीने शंभरी पाहा. वऱ्हाडातल्या भिंतींमध्ये डॉक्टरचं दार शोधणारी माणसं तुमच्या डोळ्यांदेखत वाढत जावोत, आणि ते दार त्यांना कधीही न सापडो.

गजानन ढोरे, अकोला